‘ब’च्या पोटातली रेघ

१

छापखान्यात पहिला कागद हातात आला आणि माधवीच्या लक्षात आलं, की ‘ब’ बदललाय.

बदल एवढासाच होता. गौलीगुड्यातले छापखान्याचे मालक कागद उलटापालटा करून म्हणाले, "अच्छाच तो आया मॅडम, काय झालं त्याला?" पण माधवीचं लहानपण या अक्षरांच्या सोबतीनं गेलं होतं. तिचे वडील एकनाथराव वसमतकर यांनी ‘काजळ’ नावाचा फाँट काढला होता. उभे दंड काळेभोर आणि भरदार, त्यांना जोडणाऱ्या रेघा केसाइतक्या बारीक, दंडाच्या पायाशी छोटीशी टाच. जाड आणि बारीक यांच्यातला हा फरक हीच काजळची सगळी ऐट होती. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ त्या हिशेबानं केसासारखी हवी. कागदावर ती चांगली दोऱ्याएवढी झाली होती.

तिनं छपाई थांबवली. हैदराबादच्या मराठी मुलांसाठी निघणारं अख्खं वाचनपुस्तक काजळमध्ये होतं, आणि या फाँटचं ते पहिलंच काम होतं. काचीगुड्याला ऑफिसात परत येऊन तिनं मूळ फाइल उघडली. तीच बदललेली होती. कुणीतरी शनिवारी दुपारी, ऑफिस बंद झाल्यावर, शर्वरी या शिकाऊ मुलीच्या मशीनवर बसून अक्षरांत हात घातला होता.

संध्याकाळी माधवीनं बरकतपुऱ्याला फोन लावला.

"वंदनाकाकू, उद्या येता का जरा? पोलिसात जाण्यासारखं नाही हे. पण घरातच कुणीतरी दगा दिलाय."

२

वंदनाताई कंधारकरांची सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत खोट्या सह्या ओळखण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावरही कुठे पाटी दिसली की त्या आधी अक्षराचं वळण बघत आणि मग दुकान कशाचं आहे ते. एकनाथरावांशी त्यांची ओळख अशाच एका पाटीवरून झाली होती. ती पाटी एकनाथरावांनी रंगवली होती आणि वंदनाताई तिच्यासमोर पाऊण तास उभ्या राहिल्या होत्या.

सकाळी त्या पोचल्या तेव्हा एकनाथराव खालीच होते. घर वर आणि ऑफिस खाली, त्यामुळे त्यांची ये-जा चालूच असे. सत्तरी ओलांडलेला, सडसडीत माणूस. दिवाळीच्या सुमारास चक्कर येऊन पडले होते, त्यानंतर थोडे वाळल्यासारखे दिसत होते.

"या, या. आवाजावरून वाटलंच तुम्ही आहात," ते म्हणाले. "ऐकलंत ना, आमच्या काजळाचं डांबर केलं कुणीतरी."

टेबलावर छापलेला कागद होता. वंदनाताईंनी तो त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो परत इकडे ढकलला.

"तुम्ही वाचा मोठ्यानं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की मला अक्षर नीट कळतं."

वंदनाताईंनी वाचलं. मधे चहा आला. माधवीनं एक कप वडिलांच्या उजव्या हाताशी ठेवला आणि दुसरा वंदनाताईंपुढे. बोलणं बराच वेळ चाललं. एकनाथराव बारीक रेघांवर भरभरून बोलले. केसासारखी रेघ ओढायला हात किती हलका लागतो, ती रेघ जाड केली की अक्षर कसं बसकं होतं. उठताना वंदनाताईंनी बघितलं, तर त्यांचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"बाबांचं असंच चाललंय," माधवी बाहेर आल्यावर हळूच म्हणाली. "व्हॉट्सॲपवर उत्तर देत नाहीत, पेपरची गुंडाळी सोडत नाहीत. विचारलं की चिडतात. मला वाटतं, आजारपणाचा कंटाळा आलाय. म्हणून त्यांना सगळं सांगितलंच नाही मी."

"काय नाही सांगितलंस?"

"शर्वरीला मी कालपासून घरी बसायला सांगितलंय. मशीन तिचं, आणि शनिवारी शेवटी निघाली तीच. तिनं कबूल केलं तर ठीक. नाही तर शुक्रवारनंतर येऊ नको म्हणून सांगणार आहे."

३

ऑफिसात राहिलेला तिसरा माणूस म्हणजे मंदार गोवंडे. पुण्याचा. हायटेक सिटीतली नोकरी सोडून इथे आला होता. एकनाथराव कागदावर आणि कॉम्प्युटरवर अक्षरं काढत, त्यांचा चालणारा फाँट करणं हे त्याचं काम. तो वंदनाताईंची वाटच बघत होता.

"मॅडम, पहिलं नाव माझंच येणार, मला माहितीये. या बारीक रेघांवरून सरांशी माझं महिनाभर वाजलं होतं. फोनच्या पडद्यावर त्या दिसतच नाहीत हो. स्वस्त कागदावर छापलं तर शाईत बुडतात. रेघा थोड्या जाड करा असं मी म्हणत होतो, आणि सर म्हणत होते, मग सरळ डांबरच फासा."

"शनिवारी कुठे होतात?"

"नामपल्लीला. नुमाइशच्या प्रदर्शनात. बायको, सासू, सगळं खटलं घेऊन. फोटो दाखवू?"

"फोटो नकोत. मला एक सांगा, तुम्हाला रेघा जाड करायच्या असत्या तर कशा केल्या असत्या?"

मंदार हसला. "एक आकडा बदलायचा. सगळ्या फाँटमधल्या सगळ्या बारीक रेघा एका झटक्यात जाड होतात. इथे तर कुणीतरी एकेक अक्षर घेऊन हातानं काम केलंय. तेही सगळ्यांवर नाही. मोजक्याच." तो जरा थांबला. "आणि एक गोष्ट मला कळतच नाही. एवढं जपून काम केलं, आणि शेवटी जुन्या फाइलवरच सेव्ह केलं. मशीन विचारतं ना, चौकट येते समोर. जुनी फाइल पुसू की नवी प्रत करू? नवी प्रत केली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. चोर असा कसा असेल, की समोर आलेलं वाचतसुद्धा नाही?"

"जुनी फाइल गेलीच म्हणायची मग?"

"नाही, माझ्याकडे आधीच्या आठवड्यातली आहे. पुस्तकाचं काही अडणार नाही. पण माधवीचा विश्वास बसत नाहीये कुणावरच. माझ्यावरसुद्धा."

वंदनाताईंनी त्याच्याकडून दोन्ही फाँटमधली अख्खी वर्णमाला जोडाक्षरांसकट छापून घेतली, जुनी एका कागदावर आणि बदललेली दुसऱ्यावर, शिवाय जुन्यातलं वाचनपुस्तकाचं एक पान. कागद पिशवीत घातले आणि रिक्षा केली.

४

घरी खिडकीशी बसून त्यांनी भिंग काढलं. बदललेली अक्षरं सापडायला वेळ लागला नाही. ‘ब’ आणि ‘ष’ यांच्या पोटातली तिरकी रेघ जाड झाली होती. ‘ख’चे दोन भाग जोडणारी रेघही. ‘भ’, ‘ध’ आणि ‘थ’ यांच्या माथ्यावरची फट थोडी रुंद केली होती. बस्स. ‘क’ची रेघ तेवढीच नाजूक, तिला हात लावलेला नव्हता. ‘ह’ तर सगळ्यांत नाजूक, तोही जसाच्या तसा.

हीच सहा का? त्या बराच वेळ बघत राहिल्या. ही काही सर्वांत नाजूक अक्षरं नव्हती, सर्वांत जास्त वापरली जाणारीही नव्हती. मग सहज त्यांनी पेन्सिलीचं टोक जुन्या ‘ब’च्या पोटातल्या रेघेवर ठेवलं. रेघ झाकली गेली, आणि खाली ‘व’ उरला.

त्यांनी पेन्सिल ‘ष’वर नेली. ‘प’ झाला. ‘भ’ची फट बोटानं झाकली, ‘म’ झाला. ‘ध’चा ‘घ’, ‘थ’चा ‘य’. ‘ख’चा जोड झाकला तर ‘र’ आणि ‘व’ सुटे झाले.

म्हणजे फाँट बिघडवायचा म्हणून हे कुणी केलंच नव्हतं. एका अक्षराऐवजी दुसरं वाचलं जाऊ नये, एवढ्यासाठी केलं होतं. भराभर वाचणाऱ्याला हे कधी जाणवतही नाही. ‘बदक’ या शब्दातला ‘ब’ अर्धा पुसला असला तरी तो ‘बदक’च वाचतो, शब्द त्याला अखंड दिसतो. ही चूक त्यालाच छळते, जो एकेक अक्षर सोडवत वाचतो.

आणि ऑफिसात तसं वाचणारी एकच होती. इथेच जन्मलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली शर्वरी. मराठी मुलगी असून मराठी पाटी वाचताना अडखळते, म्हणून मंदार तिची थट्टाही करायचा.

वंदनाताईंनी भिंग खाली ठेवलं. माधवीचा संशय खरा निघत होता, आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

५

शर्वरीचं घर जवळच होतं. दार तिनंच उघडलं, डोळे सुजलेले.

"आंटी, खरंच मी काही नाही केलं. शनिवारी मैत्रीण आली खाली, तिच्यासोबत कोठीला गेल्ते, पुस्तकं घ्यायला. मशीन चालूच राहिलं. हौ, ती गलती माझी. पण सरांच्या अक्षराला हात मी कशाला लावू? मला ते काम येतच नाही अजून."

"एक काम करशील? हे वाचून दाखव." वंदनाताईंनी वाचनपुस्तकाचं एक पान पुढे केलं. जुन्या काजळमधलं, बारीक रेघांचं.

शर्वरीनं ओठ चावला आणि वाचायला लागली. हळूहळू, पण सरळ. "बदक... पाण्यात... उतरलं." बदक नीट आलं. ‘भाषा’ आलं, ‘धबधबा’ही आलं. ‘चिन्ह’पाशी गाडी थांबली. ‘उद्ध्वस्त’वर तर तिनं कागदच खाली ठेवला.

"अक्षरं येतात सगळी," ती ओशाळून म्हणाली. "एकावर एक चढून बसतात ना, तिथंच परेशानी होते."

वंदनाताईंनी ताबडतोब बदललेला कागद काढला. ‘न्ह’, ‘द्ध’, ‘ह्य’, ‘क्ष’. एकाही जोडाक्षराला स्पर्श झालेला नव्हता. शर्वरीनं आपल्या सोयीसाठी फाँट सुधारला असता, तर तिनं आधी तीच सुटी केली असती.

मग त्यांनी पुन्हा एकदा नवा ‘ब’ बघितला, या वेळी कोण वाचतं ते विसरून, नोकरीत सह्या बघत तसा. रेघ जाड केली की पोटातली पांढरी जागा कमी होते आणि अक्षर गुदमरतं. इथे ते गुदमरलं नव्हतं. कारण रेघ जाड करताना बाहेरची गोलाई इवलीशी सैल केली होती. मंदारला हे सुचलं नसतं, शर्वरीला जमलं नसतं आणि माधवी कॉम्प्युटरवर अक्षर काढत नव्हती. असं पोट सैल करणारा हात वंदनाताईंनी पुष्कळ वर्षांपूर्वी एका पाटीवर पाहिला होता.

पण तोच माणूस बारीक रेघेसाठी महिनाभर भांडला होता. उघडपणे बदलायचं म्हटलं असतं तर त्याला अडवणारं कोण होतं? स्वतःच्या घरात स्वतःचीच अक्षरं चोरून का बदलायची?

रिक्षात बसल्यावर त्यांना न सोडलेली पेपरची गुंडाळी आठवली. उजव्या हाताशी ठेवलेला आणि दिसलाच नाही असा चहाचा कप आठवला. समोर आलेली चौकट न वाचता दाबलेलं बटण आठवलं. "तुम्ही वाचा मोठ्यानं."

"काचीगुडा नको," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. "आधी कुठेतरी प्रिंट काढून मिळेल का बघा."

६

एकनाथराव वरच्या गच्चीत झाडांना पाणी घालत होते. वंदनाताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि एक कागद दिला. मंदारकडून फोनवर फाइल मागवून, काजळमध्ये, ठळक मोठ्या अक्षरांत त्यांनी एकच ओळ छापून आणली होती.

"बघा बरं. कसं वाटतंय?"

एकनाथरावांनी कागद लांब धरला, मान थोडी उजवीकडे वळवली, मग जवळ आणला. चेहरा उजळला.

"छान बसलंय. दंड कसे एका तालात चाललेत बघा. हा ‘र’ शेजाऱ्याला किंचित चिकटलाय, एवढंच. मंदारला सांगा, थोडी हवा सोड म्हणावं."

"आणि मजकूर?"

"मजकूर काय, चांगलाच आहे."

वंदनाताई काही बोलल्या नाहीत. कागदावर लिहिलं होतं: ‘एकनाथराव, तुमच्या खांद्यावर मोठा सुरवंट बसला आहे.’

एकनाथराव कागदाकडे बघत राहिले, मग वंदनाताईंकडे. त्यांच्या गप्प राहण्यातून त्यांना कळलं असावं. कागद हळूच मांडीवर आला.

"काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

वंदनाताईंनी सांगितलं. एकनाथरावांनी खांद्याकडे पाहिलं नाही.

"दिवाळीत चक्कर आली ना," ते म्हणाले, "त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. वाटलं, चुकून भलत्याच भाषेतला आला. पाटी बघितली, तीही तशीच. अक्षरं दिसतात मला, वंदनाताई. वळण दिसतं, जाडी दिसते, कुठे चुकलंय तेही दिसतं. पण ती बोलत नाहीत. लिहायला सांगा, आत्ता पानभर लिहीन. आणि लिहिलेलं मलाच वाचता येणार नाही."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, दिसतं का. म्हटलं, दिसतं. खोटं थोडंच होतं?" ते कसंनुसं हसले. "जन्मभर अक्षरं काढली. आता कुणाला सांगू, की मी अंगठेबहाद्दर झालो?"

मग सगळं बाहेर आलं. रोज पहाटे ते मुलांच्या पुस्तकाचं पान घेऊन बसत. एकेका अक्षरावरून बोट फिरवलं की हात ते ओळखत असे. ‘क’ म्हणे, ‘म’ म्हणे. असं करत एक वाक्य लागायला चहा गार व्हायचा, पण लागायचं. अडायचं ते फक्त काही ठिकाणी. ‘ब’च्या पोटातली रेघ त्यांच्या नजरेतून निसटायची आणि बोट ‘व’ म्हणायचं. ‘बाळ’चं ‘वाळ’ व्हायचं, पुढचं सगळं वाक्य कोसळायचं.

"आपल्याच अक्षराचा राग आला हो. शनिवारी खाली कुणी नव्हतं, मशीन चालू दिसलं. मशीनवर कुठलं अक्षर कुठल्या घरात ते मला पाठ आहे, वाचावं लागत नाही. म्हटलं, माझ्यापुरती एक प्रत करून घेऊ. शेवटी काहीतरी चौकट आली, मी आपलं एक बटण दाबलं. मूळ फाइल पुसली गेली हे छापखान्यातून बोंब झाली तेव्हा कळलं. तोवर तोंड उघडायची हिंमत गेली होती. वाटलं, जुनी प्रत मंदारकडे असेलच, दोन दिवसांत सगळे विसरतील."

"शर्वरीला घरी बसवलंय माधवीनं," वंदनाताई म्हणाल्या. "शुक्रवारी काढून टाकणार आहे."

एकनाथरावांच्या मांडीवरचा कागद खाली पडला. "कुणाला? त्या पोरीला? माझ्यापायी?" ते उठलेच. "मला कुणी सांगितलं का नाही?"

आणि उत्तराची वाट न बघता ते जिन्याकडे निघाले, उजव्या हातानं कठडा चाचपत.

७

माधवी खाली मंदारशी बोलत होती. एकनाथरावांनी दोघांना बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले. वंदनाताई दाराशी थांबल्या. हे वडिलांच्या तोंडून ऐकण्याचा माधवीचा हक्क होता.

ऐकून माधवी आधी रागावली. "तीन महिने, बाबा? वर-खाली राहतो आपण, आणि तीन महिने?" मग तिनं वडिलांचा हात धरला आणि तो सोडलाच नाही. मंदार उठून खिडकीपाशी गेला आणि उगाचच बाहेरची रहदारी बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ते तिघं, बाप-लेक आणि वंदनाताई, नामपल्लीजवळच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, अक्षरं दाखवली, उजवीकडून बोट आणून कधी दिसतं ते विचारलं. दिवाळीतली चक्कर साधी नव्हती, ते म्हणाले. मेंदूतला वाचणारा कोपरा रक्त न मिळाल्यानं दुखावला होता. पुन्हा तसा झटका येऊ नये म्हणून आजपासून गोळ्या घ्यायला हव्यात, आणि त्या तीन महिन्यांपूर्वीच सुरू व्हायला हव्या होत्या. वाचन थोडंफार परत येईल, सगळं येईल असं सांगता येत नाही. बोटानं अक्षर गिरवायची युक्ती कुणी शिकवली, असंही त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," एकनाथराव म्हणाले. "दुसरं काही सुचलं नाही."

तिथून ते थेट शर्वरीच्या घरी गेले. माधवीनं तिची माफी मागितली, मग एकनाथरावांनी. शर्वरी गोंधळून आईकडे बघत होती. म्हाताऱ्या माणसानं हात जोडलेले तिला बघवेनात.

"सर, नक्को ना असं. तुम्हीच केलं ना? मग झालं. मला वाटत होतं, माझ्या मशीनमधून कुणी चोरानं केलं, आणि मी काही बोलू शकत नाही." मग तिचा आवाज थोडा चढला. "पण माधवीदीदी, एकदा तर विचारायचं होतं मला. सीधं घरी जा म्हणालात."

माधवीनं मान खाली घातली. "हो. चुकलं माझं."

"सोमवारपासून येते," शर्वरी म्हणाली. "दोन दिवस जरा गुस्सा राहू दे."

छापखान्यातून मात्र तगादा चालूच होता. कागद मशीनवर चढलेला, पुस्तक शाळांना हवं होतं. शनिवारी सकाळी मंदारनं दोन्ही फाइली छापून समोर ठेवल्या आणि माधवीनं वडिलांना खाली बोलावलं.

"बाबा, जुनी सापडलीये. अगदी तुम्ही मूळ काढली होती तशी. तीच पाठवते."

एकनाथरावांनी दोन्ही कागद समोरासमोर धरले. उजवा कागद त्यांना नीट दिसावा म्हणून वंदनाताईंनी तो थोडा डावीकडे सरकवला. डावीकडे जुना ‘ब’ होता. त्याच्या पोटातली केसासारखी रेघ ओढायला त्यांना एके काळी एक अख्खा पावसाळा लागला होता. ते त्याच्याकडे पोटच्या पोरासारखं बघत होते.

"सुंदर आहे," ते म्हणाले.

"मग हीच ना?"

"मुलं कशी वाचतील पुस्तक? पहिल्यांदा वाचायला शिकतात ती?"

मंदारनं हळूच उत्तर दिलं, "एकेक अक्षर लावून, सर."

एकनाथरावांनी जुना कागद काळजीपूर्वक दुमडला, खिशात ठेवला आणि दुसरा माधवीच्या हातात दिला.

"मग ही पाठव. ही मला वाचता येते."

मंदारचा चेहरा खुलला. "सर, मग त्याच झटक्यात बाकीच्या रेघासुद्धा थोड्या..."

"खबरदार," एकनाथराव म्हणाले. "‘क’ला हात लावलास तर बघ."